डोळे भरायचे दिवस

२ डिसेंबर

बारके,

आज सकाळी रस्ते विभागाचा मुकादम आला आणि आपल्या पुढच्या बागेत पांढऱ्या फक्कीची रेघ मारून गेला. रेघ फाटकापासून कोपऱ्यापर्यंत सरळ जाते आणि जाताना आईच्या गुलाबाच्या बुंध्यावरून जाते. म्हणून हे पत्र. नाहीतर मी लिहिलं नसतं आणि तू वाचलं नसतंस.

आशीर्वाद वगैरे सुरुवातीला लिहायचे असतात. ते दिले आहेत असं समज.

थंडी सरली की तिथे गटारासाठी चर खणणार आहेत. मी मुकादमाला म्हटलं, "तुमची रेघ जरा बाहेरून घ्या." तो म्हणाला, "बाई, रेघ वर ठरते. माझ्या हातात फक्त फक्की." मग म्हणाला, झाड उचलून दुसरीकडे लावा. मी त्याला बुंधा दाखवला. मनगटाहून जाड, आतून पोकळ, अर्धी मुळं भिंतीच्या पायाखाली. उचलायला गेलं तर हातात लाकूड येईल, झाड येणार नाही. त्याने टोपी मागे सारली, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "म्हातारी आहे खरी." झाडाबद्दलच बोलत असावा.

आई हा गुलाब "दोघींचा" म्हणायची. तू जन्मात त्याला तांब्याभर पाणी घातलं नाहीस ही गोष्ट वेगळी. अर्धा तुझा आहे, तेव्हा कळवणं माझं काम. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान एकीचं बोलून होईपर्यंत दुसरीला थांबावं लागतं.

झाड जाण्याआधी त्याची रोपं करून ठेवायचा विचार आहे. तुला एक हवं असेल तर सांग. नको असेल तर तेही सांग. "मला विचारलं नाहीस" हे मागाहून ऐकायची माझी तयारी नाही.

बाकी बाग ठीक आहे. शेवंती संपत आली. पानगळ सुरू झाली आहे आणि शेजारच्या वहिनी त्यांच्या अंगणातली पानं झाडून माझ्याकडे लोटतात. लोटू देत. मला आच्छादनाला लागतातच. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आणखी एक. आई होती तेव्हा दर थंडीत डोळे भरायचे. ती गेल्यापासून एकदाही नाही. यंदा मात्र भरल्यावाचून गत्यंतर नाही. आणखी उशीर केला तर सगळंच हातचं जाईल.

अक्षर वाकडं वाटलं तर दिवे गेले होते असं समज.

ताई

१४ डिसेंबर

बारके,

तुझं उत्तर आलं. एवढं लांब तू परीक्षेतही कधी लिहिलं नव्हतंस. माझा चष्मा दुरुस्तीला टाकला आहे, म्हणून वहिनींनी मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना त्या दोनदा रडल्या आणि चहा गार झाला.

तू लिहितेस, "ताई, आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू झारी घेऊन बागेत होतीस. मी खिडकीतून बघत होते. तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तेव्हाच ठरवलं, हिच्याशी आपलं काही नातं नाही. आणि आता तू आपणहून लिहितेस, की ती गेल्यापासून डोळे भरले नाहीत, आता भरल्यावाचून गत्यंतर नाही. रड ग ताई. मनात ठेवू नकोस. मी आहे."

आता जे सांगायचं ते सांगते. डोळे भरणं हे गुलाबाचं काम आहे. कुंडीत रानगुलाबाचं रोप वाढवायचं, त्याला खुंट म्हणतात. खुंटाच्या सालीला चीर द्यायची. आपल्याला हव्या त्या गुलाबाच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला बारीक कोंब, सालीसकट काढायचा. तो चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. जगला तर त्यातून जुन्या गुलाबाची नवी फांदी फुटते. ह्याला डोळे भरणं म्हणतात. आई आणि मी दर थंडीत भरायचो. तू तेव्हा आत बाबांचं गजराचं घड्याळ उघडून बसलेली असायचीस, म्हणून हा शब्द तुझ्या कानावर पडला नसावा.

मी हे लिहिणार म्हटल्यावर वहिनी कळवळून म्हणाल्या, "लिहू नका हो बाई. पोरगी विरघळली आहे, तर विरघळू द्या. तुमचं काय जातंय?"

मी म्हटलं, "चुकीच्या उत्तराला मार्क द्यायची मला सवय नाही."

"म्हणूनच शाळेतल्या मुली तुम्हाला काय म्हणायच्या, माहीत आहे ना?"

माहीत आहे. हातोडी.

तर, मी रडले नाही हे तू पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. आता रडणार आहे असंही मी लिहिलेलं नाही. हे वाचून तुला तुझे शब्द परत घ्यावेसे वाटले तर घे. माझ्याकडून काहीतरी मिळालं असं समजून तू मला जवळ करावंस आणि ते मी दिलेलंच नसावं, हे मला चालणार नाही.

रोप हवं की नको, हे तू लिहायचं विसरलीस.

ताई

३० डिसेंबर

बारके,

तुझं उत्तर नाही. नसेल असं धरूनच चालले होते. तरी पोस्टमन फाटकाशी थांबला की मी हातातलं खुरपं खाली ठेवते, ही सवय चारच दिवसांत कशी लागली कळत नाही.

थंडीत बागेला काम नसतं असं लोकांना वाटतं. असतं, पण ते बहुतेक न करण्याचं असतं. पाणी कमी घालायचं, तेही ऊन वर आल्यावर. खत द्यायचं नाही. झाड वाळलेलं दिसलं म्हणून उपटायचं नाही. नखाने साल खरवडायची आणि खाली हिरवं आहे का ते पाहायचं. उन्हाळ्यात माळी हात चालवतो, थंडीत हात आवरतो. मला हे दुसरं फार जड जातं. वर्गातही जायचं. एखादी मुलगी फळ्याशी गप्प उभी राहिली, की उत्तर तिच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत मीच सांगून मोकळी व्हायची. बागेने थोडं शिकवलं. पुरतं नाही.

परवा दव गोठलं. संध्याकाळीच वारा पडला होता आणि आभाळ धुतल्यासारखं होतं, तेव्हाच अंदाज आला. जुन्या चादरी, पडदे, बाबांचा ओव्हरकोट, सापडेल ते काढून झाडांवर घातलं. वहिनींनी कुंपणावरून विचारलं, "पाहुणे मुक्कामाला का?" सकाळी बाग म्हणजे इस्पितळातला वॉर्ड दिसत होता. ऊन आल्यावर एकेकाचं पांघरूण काढलं. डेलियाची पानं काळी पडली, कंद शाबूत आहेत. गुलाबाला काही झालं नाही. बाबांचा कोट त्याच्यावरच होता.

एक गोष्ट ह्या दिवसांत दरवर्षी नव्याने लक्षात येते. पानं गळाली की झाडाचा खरा बांधा दिसतो. कुठली फांदी उगाच कुठे घुसली, कुठे दोघी एकमेकींना घासून साल सोलून घेताहेत, हे भर बहरात कळतच नाही. छाटणी थंडीत करतात ती म्हणून.

डोळे भरले. गुलाबाचे. निम्मे खुंट झाले, पट्ट्या घट्ट बसल्या. उरलेले पुढे-मागे करीन. काळजीचं कारण नाही.

ताई

१३ जानेवारी

बारके,

तुझं कार्ड मिळालं. त्यात आशीर्वाद नाही, नमस्कार नाही आणि माझ्या आधीच्या पत्रांबद्दल एक शब्द नाही. एवढंच आहे: "चष्मा इतके दिवस दुरुस्तीला असतो का? मी दुरुस्तीच्याच दुकानात बसते. तुझ्या ओळी उजवीकडे वर चढताहेत. पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा नाही. खरं काय ते लिही."

वहिनी हे वाचून फार खूश झाल्या. "बहीण शोभते तुमची," म्हणाल्या.

खरं असं आहे, की चष्मा दुरुस्तीला नाही, नाकावरच आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या वर्षापासून आहे. दिवसा धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं आणि संध्याकाळी तेवढंही नाही. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी. म्हणाली, "आजी, इतके पिकेपर्यंत थांबलात?" मी म्हटलं, "पाडाला लागलेली फळं आहेत का ती? आणि मी तुझी आजी नाही." आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू म्हणते. मी मार्चमधली तारीख घेतली, कारण त्यानंतर बरेच दिवस वाकायचं नाही, धूळ नको, पाण्याचा शिंतोडा नको. म्हणजे बाग नको. चर खणायच्या आत गुलाबाचं काम उरकायला हवं होतं.

ते उरकलेलं नाही. भरलेल्या खुंटांकडे वहिनींनी परवा सहज पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो बाई, ह्याचं तोंड खाली का?" डोळा उलटा बसवला होता. वरचं टोक खाली, खालचं वर. एक नव्हे, दोन तसे. एकाला सुरी इतकी खोल गेली होती, की खुंटच वाळला. उरलेल्यांत पट्टीखाली डोळाच नव्हता. बांधताना निसटून मातीत पडला असणार. रिकाम्या चिरेला मी निगुतीने पट्टी बांधली होती. वहिनी आधी हसल्या. मग माझ्याकडे बघून थांबल्या. हसत राहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रोपवाटिकेवाल्याला विचारून झालं. तो म्हणाला, "इतक्या जुन्या झाडाची काडी मी माझ्या खुंटांच्या आसपास येऊ देणार नाही. रोग घेऊन येते. त्यापेक्षा नवी जात घ्या की, काटे पण नाहीत." काटे नसलेला गुलाब घेऊन मी काय करू?

शिल्लक खुंट थोडे आहेत. सालीखाली रस आहे तोवरच काम होतं, आणि झाडावर भरण्याजोग्या काड्या मोजक्या राहिल्या आहेत. हे आता चुकलं तर आईचा गुलाब संपला. पुन्हा कुठे मिळणारा नाही. त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही.

तू घड्याळातले केसाएवढे स्क्रू चिमट्याने उचलतेस. रविवारी ये. तुझं ते डोळ्याला लावायचं भिंग घेऊन ये.

हे विनंतीचं वाक्य आहे. मला ती लिहिता येत नाही, म्हणून आज्ञेसारखं दिसतं.

ताई

२६ जानेवारी

बारके,

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. डबा इथेच विसरलीस.

फाटकातून आत येतायेताच तू म्हणालीस, "मी हिच्यासाठी दोन दिवस रडले, दुकानात गिऱ्हाइकासमोर रडले, आणि ही बया कलमं करत होती!" आणि पायरीवर बसून इतकी हसलीस, की वहिनी कुंपणावर चढून बघायला लागल्या. मी हसले नाही असं तू त्यांना सांगितलंस. मी हसले होते. तू तेव्हा डोळे पुसत होतीस.

नंतर तू खुंटापुढे पाट टाकून बसलीस आणि भिंग लावलंस. मी म्हणाले, "चीर खोल नको. सालीपुरती. लाकडाला लागू देऊ नकोस." तू म्हणालीस, "ताई, घड्याळाची पाठ उघडतानाही हेच असतं. तू जरा गप्प बसशील?" चाळीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मी गप्प बसले. पहिला डोळा काडीवरून सुटला तेव्हा तू तो बोटावर घेऊन म्हणालीस, "हा? एवढासा? ह्याच्यासाठी एवढं?" आणि पुढचे सगळे तू माझ्यापेक्षा नीट बसवलेस. तुझी गाठ मात्र चुकीची आहे. चालेल.

शेवटची पट्टी बांधताना तू वर न बघता विचारलंस, "त्या सकाळी तू बाहेर का गेली होतीस?" मी म्हटलं, "काडी सुकेल. आधी बांध." तू बांधलीस आणि पुन्हा विचारलं नाहीस. म्हणून आता सांगते. पत्रात मला सोपं जातं.

मला रडू येत नाही. बाबा गेले तेव्हाही आलं नव्हतं. आई आजारी होती तेव्हा मी सगळं केलं, तू पाहिलं आहेस, आणि ती गेल्यावर मी वाट बघत होते, की आता येईल. घर माणसांनी भरलं होतं. जो येई तो आधी तुझ्या पाठीवरून हात फिरवी आणि मग माझ्या तोंडाकडे बघे. सकाळपर्यंत आलं नाही. तेव्हा झारी घेतली आणि बाहेर गेले. बागेत कुणी तोंडाकडे बघत नाही. त्या दिवशी मी गुलाबाला इतकं पाणी घातलं, की आळं फुटून वाहिलं. तेवढ्यावरून तरी कुणी ओळखायला हवं होतं. पण तू खिडकीतून आळं बघणारी नव्हेस, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आता खुंटांकडे बघायचं नाही. प्रत्येक डोळ्याखाली पानाच्या देठाचा तुकडा मुद्दाम ठेवायला लावला होता ना मी तुला? तीन-एक आठवड्यांनी त्याला बोट लावायचं. डोळा जगला असेल तर देठ अलगद गळून पडतो. मेला असेल तर सुकून चिकटून राहतो. तोवर हात आवरायचा.

ताई

१७ फेब्रुवारी

बारके,

आज बोट लावलं.

ह्या कामाला दिसावं लागत नाही, हे एक बरं आहे. कुंड्या व्हरांड्यात ओळीने मांडल्या आणि स्टूल घेऊन बसले. वहिनी मागे उभ्या राहिल्या. त्यांना म्हटलं, बोलायचं नाही. पहिल्या कुंडीतला देठ वाळलेला. ढकलला तरी हलेना. दुसरा तसाच. वहिनींनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. तिसऱ्याला बोट टेकवलं आणि बोटाखाली काही राहिलंच नाही. मला वाटलं माझाच अंदाज चुकला. पुन्हा चाचपलं. देठ खाली मातीवर पडला होता आणि त्याच्या जागी गुळगुळीत, ताठ, किंचित फुगीर असा डोळा हाताला लागला.

चौथा मेला. पाचव्याचा पडला. शेवटच्याचा मी बोट नेईपर्यंत थांबलाच नाही, आधीच गळून गेला होता.

मी बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसले. वहिनींनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही हसताय का रडताय ते तरी कळू द्या." मी सांगितलं, ते माझं मला कळलं की कळवीन.

दुपारी मी जुना गुलाब स्वतः कापला. खणणाऱ्यांच्या कुदळीने नको होतं. वरच्या फांद्या कात्रीने, बुंधा करवतीने. वेळ लागला. काट्यांनी दोन्ही हात सोलून काढले. शेवटपर्यंत त्याचा स्वभाव बदलला नाही. मुकादम आला तेव्हा जागा मोकळी होती. त्याने रिकाम्या आळ्याकडे पाहिलं, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "बाई, मी वर विचारलं होतं. नाही म्हणाले." त्याने विचारलं असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्याला चहा दिला.

तुझा फोन आला तेव्हा मी हात धूत होते. ऑपरेशनच्या वेळी तू येऊन राहणार, दुकान तुझा नवरा बघणार, आणि "ह्यावर चर्चा नको" असंही तूच म्हणालीस. मी चर्चा केली नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आपण चांगली दहा मिनिटं बोललो आणि भांडलो नाही. तब्येत बरी आहे ना तुझी?

ताई

५ मार्च, स्वयंपाकघरातल्या टेबलावर

बारके,

एका घरात राहून पत्र लिहिते आहे, हसू नकोस. तोंडी सांगायला घेतलं की तू मध्ये बोलतेस. मला न्यायला गाडी येईल तेव्हा तू बागेत असशील आणि मी लगबगीत काहीतरी विसरेन. म्हणून लिहून ठेवते.

जगलेल्या खुंटांचा डोळ्यावरचा शेंडा मी कालच छाटला आहे. आता सगळा जोर डोळ्यात जाईल. खुंटाला खालून रानकोंब फुटतील. ते दिसायला फार तरतरीत असतात. भुलू नकोस, दिसला की मोड. पाणी सकाळी, बेताचं. तू काळजीपोटी जास्त घालशील, म्हणून आधीच सांगते. वहिनी सल्ले देतील. ऐकून घे, करू नकोस.

आज तुझ्या ताब्यात दिलं ते असं. लागलेल्या गुलाबाच्या तीन कुंड्या. त्यांतली एक कायमची तुझी, कुठली ते तू ठरव. पितळी झारी. छाटणीची कात्री. फाटकाची किल्ली. कोपऱ्यातला पालापाचोळ्याचा ढीग, जो वहिनींचा आहे असं त्यांना कळू द्यायचं नाही. आणि मी परत येईपर्यंत बाकीची बाग, जशी आहे तशी.

घेतलं म्हणून खाली सही कर.

ताई

वरचं सगळं मिळालं. कात्री बोथट होती, धार लावली. ढिगाचं वहिनींना आधीपासून माहीत आहे. मधल्या कुंडीत डोळ्यातून तांबूस टोक बाहेर आलंय, भिंग लावून बघितलं, दोन पानं आहेत घडी घातलेली. हे तुला आता वाचून दाखवणार नाही. पट्टी काढली की तूच बघ.

बारकी